सावंत मावशींचा सतरावा भाग

एका जपानी चित्रकथेचे सतरा भाग मी उलटे बांधून घेतले. छापखान्याची चूक सुधारतोय अशी माझी समजूत होती. छापखान्याची काहीही चूक नव्हती.

ह्या चित्रकथांना मंगा म्हणतात आणि त्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात, हे आता मुलुंडमधलं शेंबडं पोरही मला थांबवून सांगतं. तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही. प्रत्येक भागात, आपण जिथून पुस्तक उघडतो त्याच पानावर, ठळक इंग्रजीत लिहिलं होतं की थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूने आला आहात, पुस्तक उलटं करा. ती मी जाहिरात समजलो. पान रिकामंच आहे म्हणून वाचनालयाची तारखेची चिठ्ठी मी त्याच सूचनेवर चिकटवली. एकदा नव्हे, सतरा वेळा. स्वतःच्या हाताने, खळ लावून, वरून मूठ मारून.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी आमच्या मुलुंडच्या छोट्या वाचनालयाचा सेक्रेटरी झालो. सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, पुढे वर्तमानपत्रांचं टेबल, मागे कपाटं. आणि मागच्याच खोलीत, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी, जमिनीवर पोतं अंथरून सावंत मावशी.

सावंत मावशी पुस्तकं बांधायच्या. साकीनाक्याच्या एका छापखान्यात बाइंडिंग खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. छापखाना बंद पडला, पण मावशींचे हात बंद पडले नाहीत. मूळच्या मालवणकडच्या. वडील गिरणीत होते, म्हणजे जन्म मुंबईचा, पण रागावल्या किंवा खूश झाल्या की अस्सल मालवणी सुरू. त्यांच्या मालवणीत ‘तो आला’ नव्हे, ‘तो इलो’. ‘तो गेला’ नव्हे, ‘तो गेलो’. दोन्ही वाक्यं त्या एकाच दमात आणि एकाच आवाजात म्हणायच्या, त्यामुळे पलीकडे वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला नेहमी वाटायचं, भांडण चाललंय.

दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं, दुसरं दातात धरायचं आणि मधल्या दोऱ्यावरून मेणाचा खडा सरसर फिरवायचा. दाभणाने भोकं पाडायची, शिवायचं, शेवटी एक छोटी गाठ आणि दोरा दाताने कट्. त्या गाठीला त्या फार जपत. ‘पुस्तकाचा जीव गाठीत,’ म्हणायच्या. पुस्तकं त्यांच्याकडे येत ती पेशंट म्हणून. ‘ह्याचो कणो मोडलो.’ ‘ह्याचा पोट सुटला.’ आणि पुस्तकावरून त्या वाचणाऱ्याची नाडी ओळखायच्या. आमचे बर्वे आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, चिवडा खात खात वाचायचे. मावशींनी एक दिवस त्यांच्या हातात लिफाफा ठेवला.

‘काय आहे?’

‘तुमचो चिवडो. तीन पुस्तकांतलो. शेंगदाणे वेगळे काढलंय.’

मी हसलो, तर माझ्याकडे वळल्या. मी नुकतंच एका जाड तत्त्वज्ञानाच्या ग्रंथावर वाचनालयात व्याख्यान दिलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या. मावशी तो ग्रंथ हातात घेऊन म्हणाल्या, ‘सेक्रेटरीनू, ह्या पुस्तक बाराव्या पानाफुडे उघडलाच नाय कोणी. कणो बघा, कोरो आसा.’

बर्वे आजोबांना त्या दिवशी चिवड्याचा ठसका लागला.

मावशींना एकच मुलगा, नीलेश. वय सव्वीस. एका कुरिअर कंपनीत कामाला. मी त्याला दोन-तीनदाच पाहिलं. आईला न्यायला यायचा आणि येताना दारातूनच ओरडायचा, ‘आई, चल ना यार, भूक लागली!’ एका पावसाळ्यात त्याला ताप आला आणि चार दिवसांत तो गेला. मावशी चार महिने आल्या नाहीत.

मग एका मंगळवारी आल्या. कमरेवर तांदळाची गोणी. गोणीत सतरा पुस्तकं.

‘नीलेशची. हयसर ठेवा. पोरांनी वाचूक होयी. घरात माका बघवत नाय.’ आणि पोतं अंथरून बसल्या. डबा नव्हता. पूर्वी त्यांच्या डब्याच्या वासाने बर्वे आजोबांचं अग्रलेखातलं लक्ष उडायचं. आता चहा आणि दोन खारी. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘एकटीसाठी कोण चूल पेटवता?’

मी पुस्तकं उघडून पाहिली. चित्रं झकास, पण मुखपृष्ठ मागे आणि पुढे नुसता मजकूर. मी अनुभवी माणसासारखी मान हलवली. ‘मावशी, छापखान्यात कव्हरं उलटी लागली आहेत. काढा सगळी आणि पुठ्ठा घालून सरळ बांधा.’

मावशींनी एक भाग हातात घेतला. ‘माझो झील नीलेश ह्या बाजून उघडायचो.’

‘डावखुरा होता का?’

‘होय, होतो.’

‘मग बघा!’ मी म्हणालो. खटला जिंकलेल्या वकिलासारखा.

मावशींनी पुस्तक एकदा नीलेशच्या बाजूने उघडून मिटलं. मग, ‘तुमी शिकलेले,’ असं म्हणून त्यांनी सुरी घेतली. पंधरा दिवसांत सतरा भाग उलटे बांधून झाले. काम इतकं पक्कं की बॉम्ब पडला तरी पान निखळणार नाही.

सतराव्या भागात कापडाची एक हिरवी पट्टी होती. मावशींच्याच कातरणांतली. नीलेशची खूण. बांधताना त्यांनी ती काढली आणि बांधून झाल्यावर मोजून त्याच पानात परत ठेवली. मग पुस्तक माझ्यापुढे धरलं.

‘सेक्रेटरीनू, इंग्रजी येता मा तुमका? ह्यो वाचून सांगा.’

‘सतरावा? पहिल्यापासून वाचू की.’

‘सोळापर्यंत माका म्हायती आसा.’

तेव्हा कळलं. नीलेश रोज जेवताना आईला ही गोष्ट सांगायचा. नुसती सांगायचा नाही, करून दाखवायचा. डाव म्हणजे तलवार, ताटली म्हणजे ढाल. मावशींनी मला सोळा भाग अर्ध्या तासात ऐकवले, मेणाचा खडा हातात नाचवत. ढगांच्या वर उंच उंच डोंगर. डोंगरांमध्ये पूल नाहीत, नुसते दोर. त्या दोरांवरून चालत दोन भाऊ गावोगावची पत्रं पोचवतात. धाकटा हारू. नीलेश त्याला हरी म्हणायचा, म्हणून मावशीही हरी म्हणायच्या. मोठा तो दादा. दोघांच्या कमरेला एकच दोर. एक घसरला तर दुसरा धरणार. आणि मागे लागलेला वाऱ्याचा राजा, जो डोंगर उपटून टाकतो.

‘एकदम नीलेशवानी,’ मावशी म्हणाल्या. ‘हरी. सारखो खा खा करता.’

आणि सतरावा? नीलेश तो वाचत असतानाच आजारी पडला. इस्पितळात म्हणाला होता, ‘आई, सतरावा कडक आहे. घरी आलो की सांगतो. इथे नको, नर्स हाकलेल.’

म्हणजे मावशींना पुस्तकं द्यायची होती हे खरं, पण त्यांना हवा होता सतरावा भाग. पोराने सांगतो म्हणून सांगितलेला आणि न सांगितलेला.

मी चष्मा पुसला आणि डावीकडून सुरुवात केली.

चार दुपारी वाचन चाललं. पहिल्याच चित्रात हरी एकटा कड्यावर बसलेला, हातात दोराचं तुटकं टोक. मला वाटलं, वा, काय सुरुवात आहे! संवाद थोडे चमत्कारिक होते. आधी उत्तर यायचं, मग प्रश्न. मी मावशींना समजावलं, ‘जपानी माणसं फार नम्र असतात. समोरच्याला विचारण्याचे कष्ट नकोत म्हणून आधी उत्तर देतात.’ हे मी खरोखर बोललो. माझ्या तोंडाने. मावशींनी मान डोलावली, आणि दारातून ऐकणारे बर्वे आजोबा म्हणाले, ‘शिस्त आहे त्यांच्यात.’

गोष्ट रंगत गेली. हरी रडतो. हरी ओरडतो, ‘नको दादा, नको!’ आणि मग दोन पानं भरून एकच चित्र. खाली ढग, आणि ढगात कोणीतरी. पुढच्या पानावर तो थोडा मोठा. त्याच्या पुढे अजून मोठा. दादा! ढगातून वर येत होता!

‘मावशी, दादा वर येतोय!’ मी ओरडलो. मीही उभा राहिलो होतो.

‘येता? खयसून येता?’

‘ढगातून! हात वर केलाय! आला! कड्याला लटकलाय! आणि हे बघा, दोर! तुटलेला दोर जुळला!’

मावशींच्या हातातून दाभण पडलं. पुढच्या पानांवर दोघे भाऊ दोरावरून पळतायत, वाऱ्याचा राजा मागे, आणि शेवटच्या पानावर दोघे शेकोटीशी बसून भाताचे मुटके खातायत. दादा हसतोय. हरीचे दोन्ही गाल फुगलेले.

‘संपलं,’ मी म्हणालो.

मावशींनी पुस्तक घेतलं, त्या हसणाऱ्या दादाच्या चित्रावर बोटं फिरवली आणि म्हणाल्या, ‘इलो. दादा परत इलो.’ मग नीलेश गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या. आणि मी माझ्या इंग्रजीवर, वाचनशैलीवर आणि एकूणच स्वतःवर इतका खूश झालो की घरी जाताना बायकोसाठी गजरा घेतला. तिने विचारलं, ‘काय उद्योग करून आलात?’ बायकोला नेहमी आधी कळतं.

पुढचे आठ दिवस मावशी वेगळ्याच होत्या. मंगळवारी येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगत होत्या. शुक्रवारी गावाहून कोणीतरी आणलेलं मालवणी खाजं घेऊन आल्या. गुळाचं, आल्याचं. सगळ्यांना वाटलं, ‘घ्या, घ्या, दादा परत इलो.’ स्वतः मात्र तोंडात टाकलं नाही. ‘मागाहून खातलंय.’

तेवढ्यात तन्वी आली. बारावीत शिकणारी आमची सभासद. वाचनालयात मंगा आलंय हे ऐकून पळत आली होती. मावशींनी तिच्या हातावर खाजं ठेवलं.

‘घे गो चेडवा. दादा जितो आसा.’

‘कोण दादा?’ तन्वी खाजं चावत म्हणाली.

‘ह्यातला,’ मी सतरावा भाग पुढे केला. ‘आम्ही नुकताच संपवला. काय शेवट आहे! दादा ढगातून परत येतो.’

तन्वी चावायची थांबली. तिने पुस्तक घेतलं. या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. तारखेची चिठ्ठी नखाने उचकटली आणि खालचं वाचलं. मग तिला हसू फुटलं. ‘काका! तुम्ही अख्खं पुस्तक उलटं वाचलंत? आणि बांधलंपण उलटं? सगळे भाग? काका, वाट लावलीत तुम्ही! अहो, तो वर येत नाहीये, तो...’

आणि तिने मावशींकडे पाहिलं. हसू तिथेच थांबलं.



‘तो काय?’ मावशींनी विचारलं.

तन्वीने पुस्तक मिटून छातीशी धरलं.

‘तो पडता,’ मावशीच म्हणाल्या. ‘म्हणजे तो परत येवचो नाय.’

त्यांनी खाज्याचा डबा बंद केला. सतरा भाग गोणीत भरले. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाल्या, ‘हात लावू नकात.’ आणि गोणी कमरेवर घेऊन गेल्या.

मंगळवारी आल्या नाहीत. शुक्रवारीही नाहीत. मी त्या दोन दुपारी वर्तमानपत्राच्या टेबलाशी बसून बर्वे आजोबांच्या शिव्या खाल्ल्या. ‘नम्र असतात म्हणे! आधी उत्तर देतात म्हणे!’ शनिवारी सकाळी मी सहा सफरचंदं घेऊन मावशींच्या घरी गेलो. भांडुपला टेकडीच्या पायथ्याशी नवी इमारत, चौथा मजला, लिफ्ट बंद. जिन्यात मी क्षमायाचनेचं भाषण तयार केलं. त्यात ‘अक्षम्य’ हा शब्द तीनदा होता.

दार उघडंच होतं. मावशी जमिनीवर बसल्या होत्या. भोवती पुठ्ठे, दोऱ्याचे तुकडे, कव्हरं. स्वतः घातलेली शिलाई त्या स्वतः उसवत होत्या. भाग पहिला ते चौदावा परत सरळ बांधून ओळीने मांडले होते. भिंतीवर नीलेशचा फोटो.

मी म्हणालो, ‘मावशी, माझ्या हातून जे अक्षम्य...’

‘बसा. तुमका काय वाटला, मी रडत बसलंय?’

मी खरं तर तेच वाटून सफरचंदं आणली होती.

‘रडलंय,’ त्या म्हणाल्या. ‘दोन दिस. मगे कंटाळो इलो. काम पडला होता.’ सुरीने एक टाका कापला. ‘चूक माझीव आसा. माका दिसत होता तो कसो उघडायचो ता. डोळ्यांनी बघलेला सोडलंय आणि तुमचा ऐकलंय.’

मी भाषण सोडून दोऱ्याचे तुकडे गोळा करायला लागलो.

‘पण एक सांगतंय, सेक्रेटरीनू. आठ दिस तो जितो होतो. तुमच्या मूर्खपणान. ता काय कमी नाय.’

मग त्यांनी सतरावा भाग घेतला, उजव्या बाजूने उघडला आणि हिरव्या पट्टीशी मला दाखवला. सरळ बाजूने पाहिलं तर खूण होती ती दादाने सुरी काढण्याच्या एक पान आधी. कड्यावर दोघे लटकलेले, वर दोर एकच, आणि दोर दोघांना पेलत नाही. पुढच्या पानावर दादा आपला दोर स्वतः कापतो. धाकट्यासाठी.

‘नीलेश हयसर थांबलो,’ मावशी म्हणाल्या. ‘तेना ह्या बघल्यानच नाय. तेच्यासाठी दादा अजून वर लटकलेलोच.’ फोटोकडे न बघता त्या फोटोशीच बोलल्यासारखं बोलत होत्या. ‘सतरावो माका कळलो. आता फुडचा माका होया. हरी काय करतलो? तेना सांगूक होया होता, तो गेलो. आता मी तेका सांगतलंय. पण अठरावो खय आसा?’

अठरावा भाग वाचनालयाने घ्यावा हा ठराव मी कार्यकारिणीत मांडला. अनुमोदन बर्वे आजोबांनी दिलं. आजवर त्यांनी एकाही ठरावाला अनुमोदन दिलं नव्हतं, स्वतः मांडलेल्यासुद्धा नाही. दुकानात अठरावा संपला होता, येईपर्यंत तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत आमच्या वाचनालयात जी खळबळ होती ती निवडणुकीच्या निकालाला नसते. ‘शांतता राखा’ ह्या पाटीखाली बसून लोक पैजा मारत होते.

‘सूड!’ बर्वे आजोबा टेबलावर थाप मारून म्हणायचे. ‘पहिल्या पानावर सूड!’

‘नाही हो आजोबा,’ तन्वी म्हणायची, ‘आधी ट्रेनिंग. ह्यांच्यात असंच असतं. हरतो, मग कुठेतरी जाऊन शिकतो, मग कडक होऊन येतो.’

मी दबकत म्हणालो, ‘दादा एखाद्या झाडाला अडकला असेल...’

‘तुमी गप रवा,’ मावशी म्हणाल्या.

‘मावशी, तुम्हाला काय वाटतं?’ तन्वीने विचारलं.

मावशींनी दोऱ्यावरून मेण फिरवलं. ‘आधी जेवतलो. जेवल्याबिगर कोण उठत नाय.’ असं म्हणून त्यांनी आपली खारी चहात बुडवली आणि तशीच बशीत सोडून दिली.

अठरावा भाग घेऊन तन्वी एका शुक्रवारी धापा टाकत आली. पुस्तकाला हात लावायची मला बंदी होती. तन्वी वाचणार, अवघड शब्द आला तरच मी बोलायचं, आणि पानाच्या दिशेबद्दल अजिबात बोलायचं नाही. मागच्या खोलीत अकरा माणसं बसली होती. बर्वे आजोबांना एकमेव खुर्ची.

हरी एका गुहेत पडलेला. हातात दोराचं तुटकं टोक. एक म्हातारी दोरवाली त्याला उचलून आणते. ती दोर वळते, बोलत काही नाही. रोज त्याच्यापुढे भाताचा वाडगा ठेवते. तो बघत नाही. ती वाडगा उचलते. पान उलटलं, वाडगा. पान उलटलं, वाडगा. एका चित्रात तो भिंतीवर डोकं आपटतो. एकात दोराचं टोक दरीत फेकायला जातो आणि फेकवत नाही. बाहेर बर्फ पडतो. वाडगा.

‘सूड कधी?’ बर्वे आजोबा कुजबुजले.

‘श्श!’

हरी स्वतःशीच बोलतो. तन्वीने हळू आवाजात मराठी केलं, ‘जेवलो तर तो नाहीये हे खरं होईल.’

मावशींनी दोरा खाली ठेवला.

अजून चार वाडगे. मग म्हातारी पहिल्यांदा बोलते. ‘तुझ्यासाठी कोणीतरी दोर कापला. तू उपाशी मेलास तर त्याने तो कशासाठी कापला?’ आणि ती दोर वळायला निघून जाते. नुसता वाडगा राहतो. वाफ. एक पूर्ण पान फक्त वाफ.

‘उलट,’ मावशी ओरडल्या. ‘पान उलट, चेडवा!’

तन्वीने पान उलटलं. हरीचा हात. पुढच्या चौकटीत वाडगा तोंडाशी. आणि मग दोन पानांवर पसरलेलं ते चित्र: डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, दोन्ही गाल फुगलेले, भाताची शितं हनुवटीवर.

‘जेवलो!’ मावशी उभ्या राहिल्या. ‘जेवलो! जेवलो रे! मी सांगलंय होता! खा मेल्या, खा!’

आणि मग सगळेच ओरडत होतो. बर्वे आजोबा सूड विसरून टाळ्या वाजवत होते. पुढच्या खोलीतून शेअर बाजाराचं पान हातात घेऊन एक गृहस्थ विचारायला आले की कोणी मॅच जिंकली का. तन्वी रडत होती आणि हसत होती. मी काय करत होतो ते लिहीत नाही. माझा चष्मा दुसऱ्या दिवशी कपाटाखाली सापडला.

गोंगाट थोडा कमी झाला तेव्हा मावशी बर्वे आजोबांपुढे हात करून उभ्या होत्या.

‘चिवडो हाडा.’

‘आँ?’

‘खिशात आसा, माका म्हायती आसा. हाडा हयसर.’

आजोबांनी पुडी काढून दिली. मावशी पोत्यावर मांडी घालून बसल्या आणि अख्खी पुडी त्यांनी एकटीने संपवली. शेंगदाण्यांसकट. खाता खाता त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या पुसत नव्हत्या. संपल्यावर कागद झटकला, घडी घालून आजोबांना परत दिला आणि म्हणाल्या, ‘मीठ कमी आसा. वाच गो फुडे.’

पुढच्या मंगळवारी डबा आला. बांगड्याचं तिखलं. वासाबद्दल दोन सभासदांनी लेखी तक्रार केली. ती फाइलला लावायची माझी जबाबदारी होती. मी ती कुठे लावली ते मला आठवत नाही.

त्यानंतरची दोन वर्षं म्हणजे नुसती धमाल. हरी म्हातारीकडे तीन हिवाळे राहतो आणि एकच गोष्ट शिकतो, गाठ मारायला. दादाच्या दोराचं तुटकं टोक आणि नवा दोर जोडणारी, वजन पडेल तसतशी घट्ट होणारी गाठ. दर भागात त्याची गाठ सुटायची आणि मावशी खवळायच्या. ‘अरे डाव्या बोटाखालसून घे! ह्या जपान्याक कोणी शिकवल्यान नाय?’ एकविसाव्या भागात त्याला ती जमली. मावशींनी वाचन थांबवलं. पुस्तक समोर ठेवून, चित्रात बघून, मेणाच्या दोऱ्याची तशी गाठ मारली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः ओढलं. मी पोत्यावरून फरशीवर आलो. गाठ हलली नाही.

‘बरोबर आसा,’ त्या म्हणाल्या. आवाजात एका कारागिराला दुसऱ्याबद्दल वाटतो तो आदर. त्या दिवसापासून आमची सगळी पुस्तकं हरीच्या गाठीने बांधली जाऊ लागली. आणि दर शुक्रवारी घरी जाऊन त्या पुढचा भाग फोटोला सांगायच्या. हे मला तन्वीने सांगितलं. हातात डाव घेऊन, म्हणाली.

ती गाठ मीही शिकायला बसलो. वर्षभर. मावशी शेजारी बसून शिकवायच्या आणि माझी गाठ दर वेळी सुटायची. एकदा मी पुस्तकाबरोबर सदऱ्याची बाही शिवली.

मग मावशी गावी जायला निघाल्या. तिथे बहीण एकटी होती आणि गावच्या शाळेच्या वाचनालयात मोडक्या कण्याचे पेशंट भरपूर होते. खाजगी बस मुलुंडच्या नाक्यावरून सुटायची, दुपारी चारला. मी पोचवायला गेलो. हातात कागदात गुंडाळलेला नवा चोविसावा भाग. दुकानातून मी आणला होता आणि, हे महत्त्वाचं, बांधला होता मी. एकट्याने. दोन रविवार. उजवीकडून उघडणारा, मुखपृष्ठ जागच्या जागी, सूचना उघडी. तारखेची चिठ्ठी नाही.

मावशी खिडकीशी बसल्या होत्या. मी पुस्तक खिडकीतून वर दिलं आणि उगाचच रस्त्याच्या पलीकडे बघत उभा राहिलो, जसं परीक्षेचा निकाल ऐकताना बघतात.

त्यांनी कागद काढला. दिशा पाहिली. मान हलवली. पाठीवर अंगठा फिरवला. मला वाटलं, जमलं. मग शेवटच्या टाक्याशी नख लावलं आणि हळूच ओढलं. दोरा सगळाच्या सगळा, सरळ, न अडकता, त्यांच्या हातात आला.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मावशींनी पिशवीतून सुई काढली, दोऱ्याचं एक टोक दातात धरलं, चप्पल काढून दुसरं अंगठ्याला अडकवलं. बस हलली तरी मान वर नाही. मी खिडकीबरोबर चार पावलं चाललो. तेव्हा दातातला दोरा सोडून त्या म्हणाल्या,

‘हरीक तीन हिवाळ्यांत गाठ इली, सेक्रेटरीनू. तुमका जल्मभर येवची नाय.’